खरा प्रश्न ओल्या डब्याचा

दिवाळीच्या साफसफाईत घराघरातून रद्दी, रिकाम्या बाटल्या, मोडकी खेळणी आणि जुन्या साड्या बाहेर निघतात. पुढच्या चार-आठ दिवसांत त्या रद्दीवाल्याच्या, भंगारवाल्याच्या किंवा बोहारणीच्या हाती जातात. पुनर्वापर आपल्याकडे कायद्याने आलेला नाही; तो भावाने आला. ज्या वस्तूला किलोमागे दोन पैसे मिळतात, तिची काळजी बाजार घेतो. स्वयंपाकघरातल्या सालींना, देठांना आणि उरल्यासुरल्या अन्नाला मात्र कुणी भाव देत नाही. आपल्या शहरांच्या कचऱ्यात वजनाने साधारण निम्मा, कित्येक ठिकाणी निम्म्याहून जास्त वाटा याच मालाचा असतो. तरीही घरगुती कचऱ्याची चर्चा प्लास्टिकपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. माझं म्हणणं असं, की कागद, काच आणि प्लास्टिक यांचं पुढे काय होणार हे मुळात ओल्या डब्यावर ठरतं. ओला कचरा घराच्या किंवा सोसायटीच्या आवारात जिरला, तर बाकीचं निम्मं काम आपोआप होतं. तो मिसळला, की पुढचे सगळे उपाय महाग पडतात आणि अर्धवट राहतात.

याचं कारण साधं आहे. आमटीने भिजलेला पुठ्ठा कागद गिरणीला चालत नाही. भाताची शितं चिकटलेली पिशवी धुवायला पाणी आणि मजुरी लागते, आणि ती मजुरी पिशवीच्या किमतीत बसत नाही. म्हणजे सकाळी भाव असलेली वस्तू संध्याकाळपर्यंत केवळ शेजार वाईट मिळाल्यामुळे कवडीमोल होते. याचा फटका आधी कुणाला बसतो, हे पुण्यात स्पष्ट दिसतं. तिथल्या कचरावेचकांनी 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. या कामगारांची, म्हणजे बहुतांश स्त्रियांची, कमाई घरटी मिळणाऱ्या शुल्कावर आणि निवडलेला सुका माल विकून येणाऱ्या पैशांवर चालते. कचरा मिसळलेला आला, तर त्यांचा हात घाणीत जातो आणि मालाचा भावही पडतो.

मिसळलेला कचरा डेपोवर गेला, की दुसरं संकट सुरू होतं. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. हवेविना कुजणाऱ्या अन्नातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसएक पट उष्णता धरून ठेवतो. मुंबईचा देवनार डेपो 1927 पासूनचा. जानेवारी 2016 मध्ये तो पेटला तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. ठिणगी कुणाची, हा वाद वेगळा. ढीग दिवसेंदिवस धुमसत ठेवणारा वायू मात्र घराघरातल्या ओल्या डब्यांमधून आलेला असतो. ढिगातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत उतरतं ते निराळंच. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी पडला. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं, आणि गावकऱ्यांनी वेळोवेळी गाड्या अडवल्या तेव्हा कुठे शहराला या गावांची नावं पाठ झाली. पाणी आणि माती वाचवण्याची भाषा आपण धरणं आणि डोंगर यांच्या संदर्भात करतो; शहराच्या वेशीवरची विहीर त्या भाषेत क्वचितच येते.

ओला कचरा वेगळा ठेवण्यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आम्ही वेगळा करतो, पण घंटागाडीत सगळं एकत्रच होतं. काही ठिकाणी ही तक्रार खरी आहे, आणि 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असं वर्गीकरण सक्तीचं केल्यावर तर ती नगरपालिकांची सरळ कसूर ठरते. पण हा आक्षेप घरच्या खतालाच बळ देतो. आवारातच जिरलेला कचरा गाडीत चढतच नाही, तेव्हा तो मिसळणार कोण?

दुसरा आक्षेप वासाचा. वास येतो तो कुजण्याच्या पद्धतीमुळे. खत करणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे पंचवीस-तीस भाग लागतात, आणि हवा लागते. नुसत्या भाज्यांच्या सालींत नत्र आणि पाणी जास्त. म्हणून डबा आंबतो, चिलटं धरतात. त्यावर दर वेळी सुका पालापाचोळा, लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा चुरा पसरला, आठवड्यातून एकदोनदा खालीवर केलं आणि डब्याला भोकं ठेवली, तर वास मातीचा येतो. सुरुवातीला मूठभर शेण किंवा थोडं आंबट ताक विरजणासारखं काम करतं. गंमत म्हणजे वासाची तक्रार करणाऱ्या सोसायट्याच पाचोळा कोपऱ्यात पेटवतात आणि वर खताची पोती विकत आणतात. ज्यांना खत नको त्यांच्यासाठी वायूचा मार्ग आहे: पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र विकसित केलं, आणि 2006 मध्ये त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला.

जागेचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात तिथे खताचा डबा कुठे ठेवायचा? वस्त्यांमध्ये ही जबाबदारी कुटुंबावर टाकणं अन्यायाचं आहे. तिथे गल्लीगणिक खड्डा आणि तो सांभाळणारा पगारी माणूस द्यायला हवा. पाच हजार चौरस मीटरवरच्या बंदिस्त वसाहतींना 2016 च्या नियमांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं. त्यांना जागेची सबब नाही. पार्किंगला जागा सापडते. घरातही हे काम गुपचूप बायकांच्या किंवा मोलकरणीच्या गळ्यात पडतं. पाळी लावली नाही, तर दोन महिन्यांत डबा गच्चीत पालथा पडलेला दिसेल.

मोठं यंत्र आणून सगळा कचरा जाळावा आणि वीज करावी, असंही सुचवलं जातं. 2016 च्या त्याच नियमांत पुनर्वापर न होणाऱ्या आणि किलोला 1500 किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्मांक असलेल्या कचऱ्यापासून ऊर्जा घ्यायला सांगितलं होतं. ओल्या कचऱ्यात इतकं पाणी असतं, की भट्टीची उष्णता आधी ते वाळवण्यातच जाते. म्हणजे भट्टी हवी असली, तरी आधी ओलं बाजूला काढावंच लागतं.

लहान गाव हे करू शकतं, हे वेंगुर्ल्याने दाखवलं. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घराघरातून वेगवेगळा केलेला कचरा घेऊन तिथल्या डेपोचं रूप पालटलं. ओल्याचं खत आणि वायू झाला, निवडलेलं प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात गेलं. राज्य सरकारने ‘हरित महा सिटी कंपोस्ट’ हे नाव देऊन शहरी खताला बाजार दाखवायचाही प्रयत्न केला. खत खपायचं तर ते स्वच्छ हवं. काचेचे तुकडे आणि बॅटऱ्यांचं शिसं असलेलं खत शेतकरी का घेईल? कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर प्रयोग परिवारातून पाचोळा आणि उसाची चिपाडं वापरून गच्चीवर भाजी काढायला शिकवत होते, तेव्हा वर्गीकरणाचे सरकारी नियम नव्हते; माती करायची म्हणून त्यात काय जातंय याकडे लक्ष असे, इतकंच.

उत्पादकांची जबाबदारी मी नाकारत नाही. चिप्सच्या चकचकीत पाकिटाला भंगारवाला हात लावत नाही, ते बनवणाऱ्याने परत घ्यावं. पण ओल्या कचऱ्याला कुठली कंपनी नाही जिच्याकडे बोट दाखवावं. म्हणून इथे धोरणाची गाठ थेट नागरिकाशी पडते, आणि ती पैशात बांधायला हवी. पुण्यात गांडूळ खत प्रकल्प चालवणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत मिळते. ती कागदावरच्या खड्ड्याला न देता चालू खड्ड्याला द्यावी, दर वर्षी तपासून द्यावी, आणि मिसळलेला कचरा देणाऱ्या मोठ्या वसाहतींकडून तो वाहून नेण्याचा पूर्ण खर्च वसूल करावा.