थंडीत गाडी उठेना? आधी हिटर प्लग तपासा



गळीत हंगाम भरात येतो आणि थंडीही त्याच सुमारास भरात येते. पहाटे टोळी फडावर न्यायची असते, आदल्या दिवशी भरलेली गाडी काट्यावर लावायची असते आणि नेमकी तेव्हाच जुनी डिझेल गाडी उठत नाही. स्टार्टर मारून मारून बॅटरी बसते, मग चार माणसे धक्का मारतात. तेवढ्यात दिवस वर येतो. इकडे तुटलेला ऊस वाळत राहतो; वजनही घटते आणि उताराही. म्हणजे गाडीचा खोळंबा शेवटी आपल्याच बिलातून वजा होतो. म्हणून या अंकात हिटर प्लगविषयी चार गोष्टी सांगत आहोत. कोणी याला ग्लो प्लग म्हणतात, पण वस्तू एकच.

प्लग करतो काय?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, ती तापते आणि तीत फवारलेले डिझेल पेट घेते. इंजिन गार असले की ही उष्णता लोखंडच शोषून घेते. ज्या इंजिनात डिझेल आधी एका लहान कोठीत जळते, म्हणजे प्री-चेंबरच्या इंजिनात, हा त्रास जास्त. म्हणून त्या कोठीत तापणारा प्लग बसवतात. १९५४ साली जमशेदपूरला डेमलर-बेंझच्या सहकार्याने जे ट्रक तयार होऊ लागले, त्यांची सुरुवातीची इंजिने या जातीची होती. मॅटॅडोरचे डिझेल इंजिनही याच जातीचे. उलट, थेट पिस्टनवर डिझेल फवारणाऱ्या बऱ्याच मोठ्या ट्रकांना आणि ट्रॅक्टरांना असे प्लग नसतातच. काहींना हवेच्या नळीत हिटर असतो. तेव्हा पहिले काम म्हणजे आपल्या गाडीला प्लग आहेत का, हे पाहणे.

दोष प्लगचाच कशावरून?

गाडी दुपारी गरम असताना चटकन उठते आणि पहाटेच अडते, तर संशय प्लगवर. उठल्यावर थरथरते, कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर सोडते आणि दोन-चार मिनिटांत सुरळीत होते, तर एखाद-दुसरा प्लग गेलेला असणार. पण गरम असतानाही उठत नसेल तर प्लगला बोल लावू नका. फिल्टर, डिझेल लाइनमधली हवा, नोझल, कॉम्प्रेशन यांकडे पाहा. आणि स्टार्टरच रडतखडत फिरत असेल तर आधी बॅटरी आणि तिची टोके. इंजिन जोरात फिरल्याशिवाय हवा तापत नाही, मग प्लग नवे असोत की जुने.

तपासणी कशी करावी?

बारा व्होल्टचा एक बल्ब आणि दोन वायरी एवढ्यावर काम भागते.

१) चावी हिटरवर ठेवा. बल्बची एक वायर प्लगच्या टोकाला, दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावा. बल्ब पेटला नाही तर प्लगपर्यंत करंटच येत नाही. फ्यूजची पट्टी, रिले, स्विच पाहा. मात्र बल्ब पेटला म्हणजे सारे ठीक, असेही नाही. बल्बला करंट थोडा लागतो, प्लगला पुष्कळ. सांधा गंजलेला असेल तर बल्ब पेटतो आणि प्लग मात्र कोमट राहतो. असा सांधा हाताला गरम लागतो. तो खरवडून साफ करा, घट्ट आवळा.

२) आता चावी बंद करून प्लगांना जोडणारी पट्टी काढा. बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी एकेका प्लगच्या टोकाला लावा. बल्ब पेटला तर आतली तार शाबूत आहे. नाही पेटला तर प्लग गेला. मीटर असेल तर अधिक चांगले. चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, तुटलेला काहीच दाखवत नाही.

एक इशारा. फार जुन्या गाड्यांत प्लग एकामागून एक असे साखळीने जोडलेले असतात. तिथे एक तुटला की सगळे बंद. या प्लगांना प्रत्येकी थोडाच व्होल्टेज लागतो. त्यातल्या एकाला बॅटरी थेट जोडलीत तर तो क्षणात जळेल. बल्ब मध्ये ठेवूनच तपासा.

गेल्या हंगामात एका सभासदाने चारही प्लग नवे आणले. गाडी तरीही उठेना. आमच्याकडे आणली तेव्हा दिसले की फ्यूजच्या पट्टीला बारीक तडा होता. प्लग जुनेच चांगले होते! दहा मिनिटांची तपासणी आधी झाली असती तर पैसे वाचले असते आणि दोन दिवसही.

बदलताना

प्लग जबरदस्तीने फिरवू नका. आदल्या रात्री मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडा, इंजिन थोडे गरम असताना हलक्या हाताने मागेपुढे करत काढा. टोक फुगले असेल तर प्लग अडतो. अशा वेळी मिस्त्रीला बोलवा. टोक तुटून आत पडले तर ते काढल्याशिवाय इंजिन फिरवायचे नाही. पिस्टनचा निकाल लागेल. नवा प्लग त्याच नंबरचा, त्याच व्होल्टचा घ्या. चोवीस व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टचा प्लग बसवला तर तो लगेच जळेल. एकाच सिलिंडरचा प्लग वारंवार जात असेल तर त्या सिलिंडरची नोझल गळते का, ते पाहा. सगळेच वारंवार जात असतील तर रिले चिकटून प्लग सतत चालू राहत नाहीत ना, ते बघा. त्याने रात्रीत बॅटरीही उतरते.

हे मात्र करू नका

हवेच्या नळीशी पेटता बोळा धरून गाडी उठवण्याची रीत अजून दिसते. त्यात हात-तोंड भाजते, आणि उसाने भरलेल्या गाडीजवळ, पाचटाच्या फडात आग लागायला ठिणगीही पुरे. तसेच प्लग किंवा हवेचा हिटर असलेल्या गाडीत ईथरचा फवारा कधीही मारू नका. तापलेल्या तारेवर ईथर अवेळी भडकतो आणि इंजिन फुटू शकते. धक्का मारावा लागला तरी चालेल, हे दोन उपाय नकोत.

ड्रायव्हरलाही समजावून सांगा. चावी हिटरवर ठेवल्यावर लगेच स्टार्टर मारू नये. जुन्या प्लगांना तापायला वीस-तीस सेकंद, कधी त्याहून जास्त लागतात. तेवढा दम धरला तर बॅटरी टिकते.

कडाका सुरू होण्याआधीच एका दुपारी ही तपासणी उरकून घ्यावी, अशी सर्व वाहनधारक सभासदांना आमची विनंती आहे. बल्ब आणि वायर आमच्या वर्कशॉपमध्येही मिळेल. गाडी घेऊन या, समोर करून दाखवू.

— ऊस वाहतूक विभाग