चांदमारीतले शिसे

जबलपूर शहराच्या उत्तर भागात अधारताल ही वस्ती आहे. राणी दुर्गावतीचा मंत्री आधारसिंह याच्या नावाने तेथील तलाव ओळखला जातो, अशी परंपरा आहे. तलावाचे नाव पुढे वस्तीला मिळाले. १९६४ साली स्थापन झालेले कृषी विश्वविद्यालयही येथेच आहे. येथून पूर्वेकडे गेले की खमरिया लागते. तेथील दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिला. महाराष्ट्रातील खडकी व वरणगाव येथील कारखान्यांप्रमाणे तोही २०२१ पासून पुण्यात मुख्यालय असलेल्या एकाच सरकारी कंपनीकडे आहे.

गोळी कशी तयार होते, हे ऐकण्यास सर्वांनाच कुतूहल असते. परंतु झाडलेल्या गोळीचे पुढे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

छावणीच्या शहरांतून चांदमारी नावाची जागा बहुधा आढळते. लक्ष्याच्या पाठीमागे मातीचा वा वाळूचा उंच बांध असतो आणि गोळ्या त्यात रुतून बसतात. छात्रसेनेचे विद्यार्थी ज्या लहान रायफलीने नेमबाजी शिकतात, तिची गोळी निव्वळ शिशाची असते. तिचे वजन सुमारे अडीच ग्रॅम. म्हणजे हजार गोळ्यांमागे अडीच किलो शिसे त्या बांधात साठते. सैनिकी रायफलीच्या गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचे वेष्टण असते. आतील शिशात कठीणपणासाठी अँटिमनी मिसळलेले असते.

हे शिसे वाया जाऊ देणे इष्ट नाही. शिसे कितीही वेळा वितळविले तरी त्याचा गुण जात नाही. शिवाय बांधात पडून राहिलेले शिसे पावसाच्या पाण्याने हळूहळू झिजते आणि आसपासची जमीन व पाणी दूषित करते. म्हणून ठरावीक काळाने बांधाची माती खणून चाळणीने चाळतात. शिसे पाण्याच्या अकरा पट जड असल्यामुळे ते मातीपासून सहज वेगळे होते. ३२७ अंश सेल्सिअसला ते वितळते. तांब्याला वितळण्यास याच्या तिप्पट उष्णता लागते आणि ते शिशाहून हलके आहे. त्यामुळे वेष्टणाचे तुकडे वर तरंगतात. ते झाऱ्याने काढले व वरची मळी निपटली की खालचे स्वच्छ शिसे साच्यात ओतता येते.

कृती इतकी सोपी आहे, आणि धोका नेमका या सोपेपणातच आहे. चुलीवर होणारे काम म्हटले की ते घरी करण्याचा मोह होतो. कोणी गळाची वजने ओततो, कोणी भंगार म्हणून विकण्यासाठी लगडी पाडतो. ओली गोळी वितळलेल्या शिशात पडली तर पाण्याची क्षणात वाफ होऊन तापलेला रस अंगावर उसळतो. हा धोका निदान डोळ्यांना दिसतो. मळीची धूळ मात्र दिसत नाही. ती कपड्यांवर, हातांवर, अंगणातील मातीत बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या मुठीतून त्याच्या तोंडात जाते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या मानाने चार ते पाच पट अधिक शिसे मुलाच्या शरीरात भिनते. त्याची बुद्धी मंदावते, रक्त कमी होते, आणि हे सारे बाहेरून कळून येईलच असे नाही. सेनेगल देशात डाकार शहराजवळ जुन्या बॅटऱ्यांतील शिसे वस्तीतच काढीत असत. तेथे २००७-०८ मध्ये काही महिन्यांत अठरा बालके दगावली. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे.

दुसरा धोका अधिक उघड आहे. जेथे तोफगोळे डागले वा नष्ट केले जातात, तेथे भंगारात न फुटलेला गोळाही असू शकतो. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ खमरियाच्या कारखान्यातील दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू होते. त्या वेळी झालेल्या स्फोटात सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत आसपासच्या खेड्यांतील मजूर होते. अधिकृत कामावर, जाणत्यांच्या देखरेखीखाली जर असा प्रसंग ओढवतो, तर कुंपणाखालून शिरून धातूचे तुकडे वेचणाऱ्या मुलाचे रक्षण कोण करणार? असा तुकडा दिसल्यास त्याला हात लावू नये. दूर होऊन पोलिसांना कळवावे.

चांदमारीतील शिसे ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि परवान्यावाचून दारूगोळा बनविणे हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे. परंतु कायद्याचा धाक हेच एक कारण नव्हे. शिसे जरूर परत मिळवावे; मात्र ते धूर व धूळ रोखण्याची सोय असलेल्या नोंदणीकृत कारखान्यात वितळवावे. ज्यांचा हा व्यवसाय आहे त्यांनी कामाचे कपडे घरी नेऊ नयेत, हात धुतल्याखेरीज मुलाला जवळ घेऊ नये आणि शंका येताच मुलाचे रक्त तपासून घ्यावे. दूध, नाचणी, पालेभाज्या यांतील चुना व लोह शरीरात शिसे भिनण्यास काहीसा अडथळा करतात. तथापि आहार हा औषधाचा पर्याय नव्हे.

लगडीची किंमत तराजूत कळते. तिच्यासाठी घरातील मुलाने मोजलेली किंमत मात्र पुढे अनेक वर्षांनी शाळेच्या बाकावर कळते, आणि तेव्हा ती परत घेता येत नाही.