कलेक्टरी गेली, खोत राहिले

गॅझेटियरचा १८८० सालचा रत्नागिरी-सावंतवाडी खंड मी गेली वीस वर्षे चाळतो आहे. त्यातल्या एका कोरड्या नोंदीशी दर वेळी अडखळतो. १८३० साली बाणकोट खाडीच्या उत्तरेचे तीन तालुके उत्तर कोकणाला जोडले आणि रत्नागिरीची कलेक्टरी मोडून सब-कलेक्टरी केली. १८३२ मध्ये ती पुन्हा कलेक्टरी झाली. जिल्ह्याचे ठाणे बाणकोटहून रत्नागिरीला आणून तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. मग ही मोडतोड कशासाठी?

उत्तर मला कलकत्त्यात दिसते. पहिल्या ब्रह्मी युद्धाने (१८२४-२६) कंपनीची तिजोरी पोखरली होती, आणि सनदेची मुदत संपत आली होती. तुटीचा हिशेब घेऊन पार्लमेंटपुढे जायचे कसे? १८२८ मध्ये आलेल्या बेंटिंकने काही छावण्यांतल्या लष्करी अधिकाऱ्यांचा भत्ता निम्मा केला, शिव्या खाल्ल्या, आणि मुलकी खर्च तपासायला समिती बसवली. मुंबई इलाखा तर कायम बंगालच्या पैशावर चाललेला. गोरा मुलकी नोकर म्हणजे भारी पगार, रजा आणि शेवटी विलायतेत पोहोचणारे पेन्शन. रत्नागिरीची पदावनती मी याच काटकसरीच्या रांगेत बसवतो.

पण खरी स्वस्ताई कचेरीत नव्हतीच, ती गावात होती. रयतवारी म्हटली की मोजणीदार आले, कारकून आले, पगारी तलाठी आला. इथल्या बहुतेक गावांत खोत होता. गावचा ठरलेला सारा तो आपल्या जबाबदारीवर भरी. सरकारला त्याचा पगार नाही, म्हणून पेन्शनही नाही. अशा माणसाला कोणता हिशेबनीस काढून टाकील?

त्याचा मोबदला कूळ देई. अर्धेली कूळ भाताचे निम्मे पीक खोताच्या खळ्यात घाली, वर वेठ. रिवाजाने आठ दिवसांतला एक दिवस. सरकारी वहीत हा खर्च कुठेच दिसत नाही.

१८८० च्या खोती कायद्याने हक्क कागदावर आले, खोत हलला नाही. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडले.

माझे पणजोबा अर्धेली कूळ होते. आजी सांगायची, पहिला पाऊस पडला की लावणी आधी खोताच्या मळ्यात, मग आपल्या. तोवर आपली रोपे पिवळी पडत.