कानाझावा : पावसाळी प्रकाशातले नगर

जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडील कानाझावा येथे १५८३ साली माएदा तोशिइए या सरदाराने ठाणे दिले आणि १८७१ मध्ये संस्थाने खालसा होईपर्यंत त्याच्याच घराण्याचा अंमल तेथे अबाधित राहिला. त्या मुलखाची आकारणी दहा लाख कोकू तांदळाची असून (एक कोकू म्हणजे सुमारे १५० किलो) ही दौलत, शोगुनाच्या मनात किंतु येऊ नये म्हणून, फौजफाट्याऐवजी कलाकौशल्याकडे वळविली गेली, असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावातूनही नगर बचावल्यामुळे जुन्या गल्ल्या आजही जुन्याच वळणाने जातात.

छायाचित्रकाराने प्रथम नागामाची या सामुराईंच्या वस्तीत जावे; तेथील मातीच्या पिवळसर भिंतींवर हिवाळ्यात गवती चटया बांधतात, कारण बर्फाचे पाणी मुरून गोठले की माती फुगून सुटते. १८२० साली वसविलेल्या हिगाशी चाया या कलावंतिणींच्या पेठेत घरांच्या दर्शनी भागी उभ्या, बारीक लाकडी पट्ट्यांची जाळी आढळते; तिच्यातून आत कॅमेरा रोखणे मात्र सर्वथा अशिष्ट. जेवणाचा डबा विसरला तरी छत्री विसरू नये, अशी तेथील म्हण आहे, आणि पावसाची कुरकुर करणाऱ्या प्रवाशाला ओल्या काळ्या कौलांचे तेज दिसलेच नाही, असे खुशाल समजावे. केनरोकुएन उद्यानातील वृक्षांना हिमभारापासून जपण्यासाठी १ नोव्हेंबरपासून दोरखंडांचे शंकू उभारतात. आरंभ कारासाकी नावाच्या पाइन वृक्षापासून होतो.