येशू, शुभवर्तमाने आणि इतिहास : पाच गैरसमज

आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथांचा विषय निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात. एकाला त्यातले अक्षरन्‌अक्षर घडलेले वाटते, तर दुसऱ्याला सगळीच रचलेली कहाणी. इतिहासाचा अभ्यासक मात्र एकेक विधान सुटे करून विचारतो : हे कोणी लिहिले, कधी लिहिले आणि कशासाठी?

गैरसमज १ : येशू नावाचा माणूस झालाच नाही.

वस्तुस्थिती : सर्वांत जुना पुरावा आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याच्या पत्रांचा आहे. थेस्सलनीकाकरांना लिहिलेले त्याचे पहिले पत्र साधारण इ.स. 50 चे, म्हणजे वधस्तंभानंतर सुमारे वीस वर्षांनी लिहिलेले. गलतीकरांच्या पत्रात तो यरुशलेमात पेत्राकडे पंधरा दिवस राहिल्याचे आणि येशूचा भाऊ याकोब याला भेटल्याचे सांगतो. याच याकोबाला ठार मारल्याची नोंद ज्यू इतिहासकार जोसेफस याने इ.स. 93-94 च्या सुमारास केली. रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. 116 च्या आसपास लिहितो की, ख्रिस्ताला रोमन सुभेदार पिलात याच्या कारकिर्दीत देहदंड झाला. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता. त्यांची बाजू सावरण्याचे त्याला काहीच कारण नव्हते. पिलाताचे नाव कोरलेली शिळाही 1961 साली कैसरियात सापडली. म्हणूनच श्रद्धा नसलेले बहुतेक अभ्यासकही येशूचे अस्तित्व मान्य करतात.

मात्र जोसेफसच्या ग्रंथात येशूचा गौरव करणारा आणखी एक उतारा आहे. त्यात पुढच्या ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. तो उतारा जसाच्या तसा पुरावा म्हणून पुढे करू नये.

गैरसमज २ : चारही शुभवर्तमाने प्रत्यक्ष पाहणाऱ्या शिष्यांनी लिहिली.

वस्तुस्थिती : मूळ मजकुरात कोणीही स्वतःचे नाव घातलेले नाही; मार्क, मत्तय, लूक आणि योहान ही नावे दुसऱ्या शतकातल्या परंपरेने दिली. येशूची बोली अरामी होती, शुभवर्तमाने ग्रीक आहेत. मार्क सुमारे इ.स. 70 चे, मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी, तर योहान शतकाच्या अखेरीचे, असा सर्वसाधारण अंदाज आहे. पाहणाऱ्यांकडून आलेली माहिती आपण तपासून लिहीत आहोत, असे लूक सुरुवातीलाच सांगतो.

तरी चुका राहिल्या. मत्तयाप्रमाणे येशू हेरोद राजाच्या हयातीत जन्मला, आणि हेरोद इ.स.पू. 4 मध्ये वारला असे बहुतेक अभ्यासक मानतात. लूक त्याच जन्माची सांगड रोमन सुभेदार क्विरिनियसच्या शिरगणतीशी घालतो. ती झाली इ.स. 6 मध्ये. हा किमान नऊ वर्षांचा फरक मिटत नाही. पण जन्मकथेतल्या विसंगतीने वधस्तंभाची घटना खोटी ठरत नाही. तिचे पुरावे वेगळे आहेत.

गैरसमज ३ : निकियाच्या परिषदेत सम्राट कॉन्स्टंटाइनने बायबलमधली पुस्तके ठरवली.

वस्तुस्थिती : इ.स. 325 च्या या परिषदेपुढे मुख्य विषय होता आरियस या धर्मगुरूच्या मताचा : पुत्र, म्हणजे येशू, देवपित्याच्या बरोबरीचा आहे का? ईस्टरच्या तारखेचाही निर्णय झाला. परिषदेच्या ठरावांत पुस्तकांची यादी नाही. चारच शुभवर्तमाने प्रमाण मानावीत, हा आग्रह बिशप इरेनियसने इ.स. 180 च्या सुमारासच धरला होता. आजच्या नव्या करारातल्या 27 पुस्तकांची नेमकी यादी आढळते ती बिशप अथानासियसच्या इ.स. 367 च्या पत्रात.

गैरसमज ४ : लाखो पाठभेद आहेत, म्हणजे मूळ मजकूर हरवला.

वस्तुस्थिती : नव्या कराराची ग्रीक हस्तलिखिते पाच हजारांहून अधिक आहेत. हस्तलिखिते वाढली की पाठभेदही वाढतात आणि त्यांतले बहुतेक शुद्धलेखनाचे किंवा शब्दक्रमाचे असतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तीही अशीच, पाठ ताडून पाहत. या पद्धतीने प्रक्षिप्त भागही उघड होतो. मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या चौथ्या शतकातल्या दोन प्रमुख हस्तलिखितांत नाहीत. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीचा प्रसंगही योहानच्या सर्वांत जुन्या प्रतींत नाही.

गैरसमज ५ : तरुण येशू लडाखच्या मठात शिकला.

वस्तुस्थिती : या दाव्याचे मूळ निकोलस नोटोविच याच्या 1894 सालच्या पुस्तकात आहे. हेमिस मठात आपल्याला तसे हस्तलिखित वाचून दाखवले, असे त्याने लिहिले. पुढच्याच वर्षी आर्चिबाल्ड डग्लस हे प्राध्यापक हेमिसला गेले, तेव्हा मठाच्या प्रमुखांनी असा ग्रंथ नसल्याचे स्पष्ट सांगितले.

प्रेषित थोमा भारतात आल्याची परंपरा याहून पुष्कळ जुनी आहे. तिसऱ्या शतकातल्या ‘थोमाची कृत्ये’ या ग्रंथात त्याची गाठ गोंडोफारेस राजाशी पडते. त्या राजाची नाणी सापडली आहेत. राजा खरा ठरला. थोमाचा प्रवास मात्र त्याने सिद्ध होत नाही. भारतातल्या ख्रिस्ती लोकांची नोंद मात्र पुढे मिळते : सहाव्या शतकात कॉसमस या व्यापाऱ्याने ‘कल्लिआना’ येथे बिशप असल्याची नोंद केली आहे, आणि अनेक अभ्यासक हे गाव म्हणजे आपले कल्याण मानतात.

येशू गालीलात वावरला, त्याने शिष्य जमवले आणि पिलाताच्या हुकमाने त्याला वधस्तंभावर मारण्यात आले, इथवर इतिहास खात्रीने सांगतो. तो पुन्हा उठला का, याचे उत्तर श्रद्धेच्या प्रांतातले आहे. वाचकांनी हे दोन प्रांत वेगळे ठेवावेत आणि कोणताही दावा, आवडता असो वा नावडता, एकाच तराजूत तोलावा.