थट्टामस्करी : औषध आणि पथ्य

दिंडोशीहून गोरेगाव किंवा मालाड स्थानक गाठायचे आणि तेथून चर्चगेटची लोकल पकडायची, हा येथील नोकरदारांचा वर्षानुवर्षांचा नित्यक्रम. ठरलेली गाडी, ठरलेला डबा आणि ठरलेले सोबती. त्या डब्यांतून पत्ते खेळून झाले, भजने झाली, भाज्या निवडून झाल्या, बढतीचे पेढे वाटून झाले. पण या साऱ्याच्या तळाशी अखंड वाहत असे ती एकमेकांची थट्टा. कोणाचे टक्कल, कोणाचा साहेब, कोणाची रोजची उशिराची धावपळ. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि सर्वांसाठी पूर्ववत होईपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ लोटला. पुढे २ एप्रिल २०२२ रोजी मेट्रो ७ चा पहिला टप्पा सुरू होऊन दिंडोशीला स्वतःचे स्थानक मिळाले. काही जण निवृत्त झाले, काहींची कचेरी घरातच आली, काही मेट्रोच्या थंड आणि बऱ्याच शांत डब्यात बसू लागले. डबा मोडला, गट मात्र टिकला. तो आता व्हॉट्सॲपवर भरतो.

तुमच्याही फोनमध्ये असा एक गट नक्की असेल. सकाळी सुविचार, दुपारी राजकारण आणि दिवसभर एकमेकांच्या टोप्या उडवणे. घरातील मंडळी त्याला ‘रिकामटेकडेपणा’ म्हणतात. वैद्यकीय दृष्टीने मला ते मान्य नाही.

माणसे विनोद ऐकून हसतात, असा आपला समज असतो. अमेरिकेतील रॉबर्ट प्रोव्हाइन या शास्त्रज्ञाने बाजारांत आणि विद्यापीठांच्या आवारांत फिरून लोकांच्या हसण्याचे सुमारे १२०० प्रसंग टिपले. त्यांपैकी विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतरचे हसू जेमतेम १० ते २० टक्के निघाले. बाकीचे हसू ‘बरं, निघतो आता’ यांसारख्या अगदी साध्या वाक्यांवरचे होते. त्याला आणखी एक गोष्ट आढळली : एकटा माणूस हसण्याची शक्यता चार माणसांत असताना हसण्याच्या तुलनेत तीसपटीने कमी असते. म्हणजे हसू ही विनोदाला दिलेली पावती नसून सोबतीची खूण आहे. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी असे दाखवले, की मंडळीसोबत मनमुराद हसल्यानंतर माणसाची वेदना सोसण्याची मर्यादा वाढते. मेंदूत स्रवणाऱ्या एंडॉर्फिन या द्रव्यांचा हा परिणाम असावा, असे त्यांचे मत आहे. आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र केली असता, ज्यांची नातीगोती आणि मैत्री भक्कम होती त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी अधिक आढळली. रक्तदाबाच्या गोळीइतक्याच गांभीर्याने मी हा आकडा घेतो.

मात्र औषध म्हटले की मात्रा आणि पथ्य आलेच. त्याचा उत्तम दाखला आपल्याच उपनगरातला आहे. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातील एका बागेत अवघ्या पाच जणांनिशी पहिला हास्यक्लब सुरू केला. पद्धत सोपी होती : गोल करून उभे राहायचे, एकेकाने विनोद सांगायचा, इतरांनी हसायचे. साधारण दोन आठवड्यांत चांगल्या विनोदांचा साठा आटला. मग आले ते बोचरे आणि अचकट विचकट विनोद; काही सभासद दुखावले आणि क्लब बंद करण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा डॉ. कटारियांनी विनोदच काढून टाकले आणि नुसते हसणे ठेवले. तो क्लब जगभर पसरला. बागेतल्या त्या ‘हा हा, हो हो’ची पुष्कळ चेष्टा होते, आणि सकाळी सहाला खिडकीखाली ते सुरू झाले की मलाही ते फारसे रुचत नाही. पण सोबत टिकवायची असेल तर एकाला बळी देऊन चालत नाही, हे या मंडळींच्या पंधरवड्यातच लक्षात आले होते.

गाडीच्या डब्यात हे पथ्य आपोआप पाळले जाई. समोरच्याचा चेहरा उतरला की मस्करी करणाऱ्याला तो दिसे, आणि तो लगेच ‘अरे गंमत केली रे’ म्हणून पाठीवर हात ठेवी. फोनवरच्या अक्षरांत ना चेहरा दिसतो, ना हात पोहोचतो. जस्टिन क्रुगर आणि निकोलस एपली यांनी सहकाऱ्यांसह २००५ साली केलेल्या प्रयोगात काही जणांना गंभीर आणि उपरोधिक अशी दोन्ही प्रकारची वाक्ये ई-मेलने व आवाजातून कळवायला सांगितले. आपला सूर ७८ टक्के वेळा बरोबर ओळखला जाईल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजातून तो ७३ टक्के वेळा कळला; लिखाणातून केवळ ५६ टक्के वेळा. नाणे उडवून निर्णय घेण्यापेक्षा हे फारसे बरे नव्हे.

याचा प्रकृतीशी काय संबंध, असे वाटेल. एका रुग्णाची हकीकत सांगतो. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. साठीला टेकलेले, मधुमेह असलेले गृहस्थ. गटातले सर्वांत गमत्ये तेच. एका सकाळी त्यांनी गटावर लिहिले, ‘छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटतंय.’ लगेच उत्तरे आली : ‘वहिनींना खाली उतरायला सांग’, ‘कालची भजी बोलतायत’. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यांनी स्वतःही एक हसरा चेहरा पाठवला. यांत कोणी दुष्ट नव्हते. वीस वर्षे ज्या सुरात बोलत आले त्याच सुरात सारे बोलत होते. एका मित्राला मात्र काय वाटले कोणास ठाऊक, त्याने लिहिण्याऐवजी फोन केला. ‘काय रे, खरंच दुखतंय का?’ उत्तर देताना वाक्याच्या मधेच श्वास तुटत होता. मित्राने ‘वहिनींना फोन दे’ म्हटले. ते दवाखान्यात आले तेव्हा अंगाला दरदरून घाम होता. ईसीजीमध्ये हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता आणि तासाभरात ते रुग्णालयात दाखल झाले. आज ते बरे आहेत. वहिनींवरचा विनोद गटात अजून चालतो, त्यांच्याच आग्रहाने.

त्या मित्राला वैद्यकातले काही कळत नव्हते. त्याने केवळ आवाज ऐकला. आवाजाचे हे महत्त्व प्रयोगांतूनही दिसले आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्ट्झर आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलींना ताण येईल असे काम दिले आणि नंतर काहींना आईशी बोलू दिले, काहींना लेखी संदेशांवर संवाद साधू दिला. ज्यांनी आईचा आवाज ऐकला त्यांच्यातील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक उतरले आणि ऑक्सिटोसिन वाढले. ज्यांना केवळ संदेश मिळाले त्यांची स्थिती आईशी मुळीच संपर्क न झालेल्या मुलींसारखीच राहिली.

म्हणून आपल्या गटासाठी एक संकेत ठरवून घ्या. छातीवर दाब किंवा जडपणा, डाव्या हातात वा जबड्यात जाणारी कळ, कारणाविना घाम, धाप, बोलताना अडखळणारी जीभ, तोंड एका बाजूला ओढले जाणे, एका हातापायातली शक्ती जाणे, यांपैकी कशाचाही उल्लेख आला की थट्टा त्या क्षणी बंद. एकाने फोन करायचा, दुसऱ्याने त्याच्या घरच्यांना वा शेजाऱ्यांना कळवायचे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवायची. मधुमेहींना झटक्यात छातीत दुखेलच असे नाही. ‘आज नुसतं गळून गेल्यासारखं वाटतंय’ एवढेच ते लिहितील. घरगुती उपाय सुचवण्यात वेळ दवडू नये. हृदयाचा स्नायू प्रत्येक मिनिटाला मरत असतो.

मधुमेहाचा विषय निघालाच आहे तर ‘एका मोदकाने काय मरतोस का?’ या मैत्रीपूर्ण आग्रहाबद्दल एवढेच सांगतो, की गणपतीनंतरच्या तपासण्यांत त्याचा हिशेब दिसतो.

मुलांच्या बाबतीत पथ्य अधिक कडक हवे. ‘आमचा लंबोदर’, ‘हत्तीचं पिल्लू’ असे आपण लाडानेच म्हणतो. पण अमेरिकेतील मिनेसोटा येथे किशोरवयीन मुलामुलींवर सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात, वजनावरून ज्यांची चेष्टा झाली त्यांच्यात पंधरा वर्षांनंतर लठ्ठपणाचे प्रमाण अधिकच आढळले. स्त्रियांच्या बाबतीत घरातल्यांनी केलेल्या अशा चेष्टेचाही संबंध दिसला. चिडवल्याने वजन उतरते हा समज घरोघरी आहे. तो सोडून द्यावा. काका, मामा, आजोबा यांनी विशेषतः.

आणि आता त्या मित्राविषयी, जो गेले काही दिवस गटात काहीच लिहीत नाही. प्रत्येक कंपूत एखादा शीघ्रविनोदी असतो. तो गप्प झाला की आपण म्हणतो, ‘रुसला असेल’. कदाचित तसेच असेल. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ मौन, झोप उडालेली, जेवणावरची वासना गेलेली, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन न लागणे, ही उदासीनतेच्या आजाराची लक्षणे असू शकतात. कधी तो गप्प नसतो, उलट विनोदच करतो, मात्र ते सारे स्वतःवर आणि मरणावर : ‘आता आपली विकेट पडली की तुम्हाला सुट्टी’. एकदा आला तर हसून सोडून द्या. पुन्हा पुन्हा येत असेल तर गटावर काही लिहू नका. त्याला एकट्याला फोन करा, शक्य असल्यास घरी जा, खाली चहाला घेऊन बसा. ‘जीव नकोसा वाटतो का रे तुला?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात नव्याने शिरत नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून माणसे मोकळी होतात. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना विश्वासात घ्यावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते. फोन त्या मित्रानेच करायला हवा असे नाही. त्याची काळजी वाटते म्हणून तुम्ही केला, तरी काय करावे हे ते तुम्हाला सांगतात.