खोदाईपूर्वी जमिनीखालील वाहिन्यांचा शोध

विहीर, शेततळे किंवा चर खोदताना शेतकरी जमिनीचा उतार व पाण्याचा अंदाज पाहतो; परंतु त्या जागेखालून पाइपलाइन, केबल अथवा वायुवाहिनी गेली आहे किंवा कसे, याची चौकशी सहसा होत नाही. विजेच्या केबलला वा वायुवाहिनीला खोदयंत्राचा दात लागल्यास जीवितास धोका असतो. म्हणून खोदाईपूर्वी शोध घेणे अगत्याचे होय.

लोखंडी नळ व विजेच्या केबली विद्युत्-चुंबकीय शोधकाने सापडतात. पी.व्ही.सी. नळ मात्र त्यास सापडत नाही. तेथे भूवेधी रडार उपयोगी पडते. हे यंत्र ढकलगाडीप्रमाणे जमिनीवरून नेतात. त्यातून निघालेल्या रेडिओलहरी मातीत शिरतात आणि नळापाशी पोचताच त्यांचा काही अंश परत फिरतो. परतण्यास लागलेल्या वेळावरून खोली काढता येते. नळाला आडवे जाऊन यंत्र फिरविल्यास पडद्यावर कमान उमटते. तिचा माथा म्हणजे नळाची जागा. एखादी कमान दगडामुळेही उमटते. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर समांतर फेऱ्या घ्याव्यात. सर्व माथे एका ओळीत आल्यास तेथे वाहिनी असण्याचा संभव अधिक.

जमिनीचा प्रकार येथे फार महत्त्वाचा आहे. कोरड्या वाळूसर जमिनीत दोनतीन मीटरपर्यंतची वस्तू दिसू शकते. उलट, काळ्या चिकण व चोपण जमिनीत लहरी लवकर शोषल्या जातात आणि पुष्कळदा एक मीटर खोलीवरील नळही दिसत नाही. ओलीमुळे ही अडचण वाढते. म्हणून पाहणी जमीन वाळल्यावर करावी. तरीही काळ्या जमिनीत पडद्यावर काही दिसले नाही, एवढ्यावरून खाली काही नाही असे मानणे घातक ठरेल.

यास्तव पुढील दक्षता घ्यावी. जुन्या जाणकारांस विचारावे. व्हॉल्व्ह, चेंबर व वाहिनीचे दगडी खांब पाहावेत. केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ या मोबाइल सेवेवर खोदाईची आगाऊ सूचना द्यावी. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन अधिनियमान्वये वापराचा हक्क संपादन केलेल्या पट्ट्यात विहीर वा तळे खोदण्यास, इमारत बांधण्यास व झाड लावण्यास मनाई आहे, हे ध्यानात ठेवावे. संशयित जागी यंत्र न लावता प्रथम फावड्याने जपून चाचणी-खड्डा घ्यावा. वाहिनी डोळ्यांनी दिसली, म्हणजेच तिची जागा निश्चित झाली असे समजावे.